चापावरचं बोट

मंगळवारी दुपारी सव्वातीनला डेल्मर कुबियाकच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने त्याला न विचारता हिरवं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.

काही झालं नाही हे नशीब म्हणायचं. नदीतून येणाऱ्या जहाजासाठी कॅनल स्ट्रीटचा पूल उचलायचा तर आधी घंटा वाजवायची, मग दोन्हीकडची फाटकं खाली घ्यायची, मग पादचाऱ्यांची वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने झाडून काढायची, मग पुलाची कुलपं उघडायची आणि अगदी शेवटी ते हिरवं बटण दाबून धरायचं. बोट दाबलेलं असेल तोवर पुलाचे मधोमध दुभंगणारे दोन पाखे वर जात राहतात, बोट काढलं की थांबतात. फाटकं उघडी असताना बटण दाबलं तर यंत्र ऐकत नाही, नुसता एक तांबडा दिवा लागतो. तसा तो लागला आणि विझला. खडी वाहणारा सपाट बार्ज अजून दोन वळणं लांब होता. पुलाच्या मधोमध बाओ शियाँग चालत होती. इस्पितळातली पाळी संपवून ती रोज याच वेळी घरी जाते आणि डेल बसतो त्या काचेच्या कोठीखालून जाताना वर बघून हात हलवते. तिच्या डोक्यावर पिवळीजर्द लोकरी टोपी होती. ती टोपी खिडकीच्या काचेच्या बरोबर मध्यावर आली, आणि बोट बटणावर गेलं. मग बाओने हात हलवला, आणि डेलनेही, त्याच हाताने, हसून हलवला. हसू तोंडावर कुठून आलं ते त्यालाही कळलं नाही.

बाओ पलीकडे उतरून दिसेनाशी झाली तरी तो बोटाकडे बघत बसला. एकोणसाठ वर्षांचं बोट, नखाच्या कडेला ग्रीसची रेघ, मधल्या सांध्यावर जुना घट्टा. तो घट्टा चापाचा होता. पोर्ट हॅरोमध्ये ज्याने कधी धनुष्य हातात धरलंय त्याला विचारा, डेल कुबियाकचं बोट म्हणजे काय ते तो सांगेल. बोलिंग खेळायच्या हॉलच्या मागे जी लांबोडकी खोली आहे, तिथे दर गुरुवारी धनुष्यवाले जमतात, आणि त्या खोलीत एकतीस वर्षं डेलने हे एकच शिकवलं होतं. रिलीज म्हणजे मनगटाला पट्ट्याने बांधायचं वीतभरही नसलेलं अवजार. त्याचा जबडा धनुष्याची दोरी धरतो आणि चाप ओढला की सोडतो. नवखा माणूस चाप दिसला की हातात बंदूक आल्यासारखा बोटाच्या टोकाने टिचकी मारतो आणि बाण भिंतीत घालतो. डेल त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा. दोरी ओढताना बोट चापाच्या मागे ठेव, पुढे नाही, नाहीतर एक दिवस ओढतानाच सुटेल आणि स्वतःच्या मुठीने स्वतःचा दात पाडशील. हात हनुवटीखाली टेकला की मग बोट पुढे आण. टोकाने शिवू नको, दुसऱ्या सांध्यापर्यंत आत घाल, जड पिशवी बोटाला अडकवतोस तशी. आणि आता बोट विसर. बोट म्हणजे भिंतीतली खुंटी. खांद्याची दोन्ही पाती हळूहळू एकमेकींकडे ने. बाण जाईल तेव्हा तुझं तुलाच नवल वाटलं पाहिजे. आणि गेल्यावरही हलू नको, बाण रुतल्याचा आवाज येईपर्यंत तसाच राहा. भिंतीवर त्याच्याच अक्षरात पाटी होती: बोट ओढत नाही, पाठ ओढते. पोरं ती पाढ्यासारखी म्हणत.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. जानेवारीतल्या एका गुरुवारी, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, नेम धरायचा, डेलच्या धनुष्यावरच्या भिंगातला ठिपका निशाणाच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या कडेला नुसता शिवला आणि बाण गेला. पाठीने काही केलं नव्हतं. बोटाने टिचकी मारली होती, पहिल्या दिवशीच्या पोरासारखी. खोलीत कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाण कसाबसा कडेला लागला होता. पुढच्या बाणाला तेच झालं. फेब्रुवारीत तर ठिपका पिवळ्यापर्यंत जाईचना, खालीच थरथरत थांबायचा, कारण वर गेला की बोट जाणार हे सगळ्या अंगाला ठाऊक झालं होतं. या दुखण्याला नाव आहे, पण त्या खोलीत ते कोणी उच्चारत नाही. ‘त्याला ते झालंय’ एवढंच म्हणतात, आणि म्हणताना आपापले हात खिशात घालतात. डेलने चाप जड करून घेतला. रिलीज बदललं. मग डोळे म्हातारे झाले म्हणून हसत हसत स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि नुसतं शिकवू लागला. दुखणं त्या खोलीतलं आहे, दार ओढून घेतलं की ते आत राहतं, असं तो धरून चालला होता. मंगळवारी ते त्याच्याबरोबर पुलावर आलं.

तांबडा दिवा लागला म्हणून निभावलं, पण फाटकं खाली असती तर? या ‘तर’पाशी तो आठवडाभर येऊन थांबत होता. फाटकं खाली गेली आणि कुलपं निघाली की पुढे कुठलाही दिवा नाही. तिथून पुढे पुलावरचा माणूस आणि खालचं पाणी यांच्यामध्ये फक्त डेलचे डोळे आणि डेलचं बोट. फाटकं पडताना आत सापडलेला माणूस काही पळत नाही, तो आपल्या चालीने पलीकडे जातो, कारण वर कोठीत कोणीतरी बसलंय, ते आपल्यासाठी थांबेल, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. बावीस वर्षं डेल थांबला होता. काठी टेकत जाणाऱ्या म्हातारीसाठी चार मिनिटं थांबला होता आणि खालच्या कप्तानाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्या शिव्यांचा त्याला अभिमान होता. आता त्याने बटण डाव्या हाताने दाबायला सुरुवात केली. डावा हात आडमुठा, पण सांगितलं तेवढंच करणारा. उजवा तो मांडीखाली घेऊन बसायचा, आणि मांडीखाली ते बोट अधूनमधून हलल्याचं त्याला जाणवायचं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तळलेला मासा खायला जातं तसे तो आणि लोरेन गेले. लोरेन त्याची बायको, पस्तीस वर्षांची सोबत आणि जिभेला धार. मासा अजून यायचा होता, आणि डेलने लिंबाची फोड रिकाम्या ताटलीत पिळली होती. तिने ताटली पाहिली, मग त्याचं बोट पाहिलं. मेजाच्या कडेवर ते आत वळत होतं, सुटत होतं, पुन्हा वळत होतं. तिने त्यावर आपला तळहात ठेवला, रांगत्या पोराला धरावं तसा.

“काय चाललंय तुझं? माशाला बोलावतोयस का?”

“थंडी आहे,” तो म्हणाला.

“हिवाळ्यापासून बघतेय मी. टीव्हीचं बटण तू माझं वाक्य संपायच्या आत दाबतोस. आधी वाटलं माझाच कंटाळा आला असेल.” मग ती म्हणाली, “डॉक्टरकडे जा, डेल. नाहीतर हार्लनला सांग.”

हार्लन म्हणजे पुलांचा साहेब. मनाने चांगला माणूस. त्याला सांगितलं तर तो ओरडणार नाही, रागावणार नाही, फक्त एक प्रश्न विचारेल: कधीपासून? त्या प्रश्नाला डेल मरणाएवढा भीत होता. कधीपासून याचं खरं उत्तर दिलं की मधल्या प्रत्येक दिवसाचा जाब आला. शिवाय पूल हातचा गेला की पाठोपाठ ती खोलीही जाणार, ती पाटीही जाणार, आणि गुरुवारी लोक म्हणणार, त्याला ते झालंय. आपल्याला माणसाच्या जिवापेक्षा पाटीची काळजी जास्त वाटते हे त्याला मासा गिळताना स्पष्ट दिसलं, आणि लाज वाटली. तरी तो हार्लनशी बोलला नाही.

त्या दिवसांत त्याला बाप सारखा आठवायचा. बाप कसायाच्या दुकानात सॉसेज भरायचा आणि ऑक्टोबरात धनुष्य घेऊन रानात जायचा. रिलीजचा त्याला तिटकारा. दोरी स्वतःच्या बोटांनी सोडावी, मध्ये दलाल कशाला, म्हणायचा. चौदा वर्षांचा डेल एकदा त्याच्याबरोबर झाडावरच्या फळीवर दोन तास बसला होता, पाय बधिर झालेले, नाकातून पाणी. मग वीस पावलांवर हरीण आलं, बारा फाट्यांचं शिंग, कुशीत श्वास हलताना दिसत होता. बापाने दोरी ओढली. धरली. धरून राहिला. मानेवरची शीर दोरीएवढी ताठ झाली. आणि मग त्याने, हे डेल आयुष्यात विसरला नाही, ओढलेली दोरी इंच इंच परत जाऊ दिली, बाण न सोडता. हरीण निघून गेलं. डेलला रडू फुटायचं बाकी होतं. का नाही मारलंत, त्याने विचारलं. बाप बोटं चोळत म्हणाला, “मागे काय आहे ते दिसत नव्हतं.” मागे झुडूप होतं, धुकं होतं, बाकी काही नव्हतं. पण दिसत नव्हतं म्हणजे नव्हतं. बापाकडून डेल सगळं शिकला, फक्त ओढलेली दोरी परत न्यायला शिकला नाही. आपल्या वर्गातही त्याने ते कधी शिकवलं नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही, हे आता कोठीत बसल्या जागी त्याच्या ध्यानात आलं.

शेवटी तो बाओकडे गेला. जिच्यापासून तोंड लपवायचं तिच्याचकडे का, याचा त्याने विचार केला नाही, किंवा केला तर अर्ध्यावर सोडला. बाओ एकोणीस वर्षांची असताना तिला ते झालं होतं. बाण पिवळ्याच्या वाटेवरच सुटून जायचे. सातासमुद्रापलीकडच्या डोंगरांतून इथे आलेले तिचे काका चापाचं आडवं धनुष्य लाकडातून स्वतः तासायचे आणि म्हणायचे की आमच्या डोंगरातल्या माणसाला असलं दुखणं होत नाही, तुला अमेरिका बाधली. डेलने तिला बरं केलं होतं. त्यावर एकच जुना इलाज आहे: धनुष्य एकाने ओढायचं, नेम त्यानेच धरायचा, पण चापावर बोट दुसऱ्याचं. शिकवणारा मागे उभा राहतो, हात पुढे घालतो आणि चाप आपल्या मर्जीने ओढतो. कधी लगेच, कधी सात आकडे मोजून, कधी ओढतच नाही. बाण कधी जाईल ते नेम धरणाऱ्याला कळत नाही, आणि हळूहळू त्याचं अंग वाट बघायचं सोडून देतं. सहा आठवडे डेल बाओच्या मागे उभा राहिला होता. आता ती चौतीसची होती, इस्पितळात लोकांना भूल द्यायचं काम करायची आणि गुरुवारच्या खोलीत तिच्या तोडीचा कोणी नव्हता.

रविवारी सकाळी खोली रिकामी असते. बाओने ऐकून घेतलं, आणि त्याला वाटलं होतं तशी ती हळहळली नाही.

“कधी म्हणताय याचीच वाट बघत होते,” ती म्हणाली. “फेब्रुवारीपासून तुम्ही पोरांना दाखवताना रिकामं धनुष्य धरताय, डेल. पोरंसुद्धा आता कुजबुजतात.”

“काय कुजबुजतात?”

“म्हातारा बाणांची काटकसर करतोय म्हणून.” ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. “चला, बोट बाहेर काढा. सरळ पुढे, निशाणाकडे दाखवा. आजपासून चापाशी त्याचा संबंध नाही.”

त्याने दोरी ओढली. हात हनुवटीखाली टेकवला. बाओचं बोट त्याच्या गालाजवळून पुढे आलं, लहान, गार, साबणाच्या वासाचं, आणि चापावर बसलं. दुसऱ्या सांध्यापर्यंत आत, त्यानेच शिकवलेलं. ठिपका वर सरकला. पिवळ्याच्या कडेला शिवला, आणि डेलचं मोकळं बोट हवेत जोरात आत वळलं. बाण गेला नाही. चाप तिच्याकडे होता. तो थरथरत उभा राहिला, ठिपका पिवळ्यात होता, तीन महिन्यांत पहिल्यांदा पिवळ्यात होता, आणि बोट हवेला पुन्हा पुन्हा ओढत होतं. मग त्याला ठाऊक नसलेल्या क्षणी बाण गेला आणि मध्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो डोळे पुसत म्हणाला की तुझ्या साबणाने झोंबलं.

“तुमचं बोट पिवळं बघतं आणि जातं,” बाओ म्हणाली. “तुम्ही मध्ये नसताच.”

एवढं जवळ आलं होतं, तरी पुलाचं त्याने तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि टोपीविषयी बोलला. तुझी ती पिवळी टोपी डोळ्यांत भरते, म्हणाला, निशाणाशेजारी खुंटीला लटकलेली असली तरी माझं लक्ष जातं. बाओ हसली आणि टोपी पिशवीत घातली. पुढच्या रविवारी त्याने तिला लोरेनकडून विणून घेतलेली टोपी दिली. राखाडी, मऊ, कानांवर खाली येणारी. गुरुदक्षिणा उलटी, म्हणाला. लोरेनचं विणकाम उत्तम होतं आणि नदी जिथे मिळते त्या सरोवरावरचा एप्रिलचा वारा अजून बोचरा होता, त्यामुळे बाओ ती टोपी रोज घालू लागली. डेलने सुटकेचा श्वास टाकला. पुलाच्या मध्यावर आता पिवळं काही येणार नव्हतं. आपण एका जिवाची सोय केली असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

आणि खरंच गुण येऊ लागला. महिनाभर रविवारी बाओचं बोट, इतर दिवशी घरच्या तळघरात गवताच्या गठ्ठ्यासमोर दोन पावलांवर डोळे मिटून रोज चाळीस बाण. निशाण नाही, नेम नाही, नुसती पाठ. चौथ्या आठवड्यात बाओने चाप त्याला परत दिला आणि बोट खुंटीसारखं राहिलं. पाती जवळ आली, बाण गेला, आणि त्याला नवल वाटलं. ते नवल फार गोड होतं. दारूचा पहिला घोट तसा असतो, पण दारू उतरते. ते नवल त्याच्या खांद्यांत दिवसभर राहायचं, कामावरसुद्धा. पुलावर त्याने उजवा हात पुन्हा बटणाकडे नेला. आधी भीत भीत, मग नाही. टिचकी जाण्याची भीती होती ना? मग टिचकीला जागाच ठेवायची नाही. घंटा वाजली, फाटकं पडली, वाट झाडून झाली, की बोट हिरव्या बटणावर सपाट ठेवायचं, विसरायचं, आणि पाठीने दाब वाढवत न्यायचा, हळूहळू. मोटरीची घरघर सुरू झाली की त्याला नवल वाटायचं. आठ दिवस असं चाललं आणि पूल कधी नव्हता एवढा अलगद उचलला जाऊ लागला. एका कप्तानाने खालून अंगठासुद्धा दाखवला. बाणाने जायची वेळ धनुष्यवाल्याला कळू नये हे ठीक. पूल उचलायची वेळ पूलवाल्याला कळू नये यात काहीतरी वाकडं आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शेंबड्या पोराला बोटाने छळलेलं नसतं. डेल झोपत होता, जेवत होता, लोरेनचं वाक्य संपेपर्यंत थांबत होता. तो बरा झाला होता, आणि बऱ्या झालेल्या माणसाइतकं बेसावध कोणी नसतं.

मेच्या पहिल्या शनिवारी हिवाळाभर वरच्या गोदीत झाकून ठेवलेल्या शिडाच्या होड्या सरोवरात जातात. अकरा होड्या एकापाठोपाठ येणार होत्या, आणि पावसानंतर नदीला ओढ होती. त्या ओढीत होडी आली की थांबत नाही. दुपारचे तीन वाजून गेले होते. आभाळ राखाडी, पाणी राखाडी, पुलाचं लोखंड, कठडे, वाटेच्या फळ्या, सगळं एका रंगाचं. डेलने घंटा वाजवली. फाटकं खाली घेतली. वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, निदान डोळे तेवढे फिरवले. कोणी नव्हतं. कुलपं निघाल्याचा खटका आला. पहिली डोलकाठी वळणावर दिसली. बोट बटणावर बसलं आणि त्याने ते विसरून टाकलं. समोरच्या काचेच्या मध्यावर त्याने नजर ठेवली. पाती हळूहळू एकमेकींकडे येऊ लागली. आत कुठेतरी, फार लांबून, बाप म्हणाला की मागे काय आहे ते दिसत नाहीय. पण दाब चढत होता, आणि चढत्या दाबात थांबायला तो कधी शिकलाच नव्हता. मोटर घरघरली. त्याला नवल वाटलं, नेहमीसारखं, गोड.

मग फळ्यांपैकी एक फळी हलली. ती फळी नव्हती. पुलाचा न हलणारा भाग संपून पाखा जिथे सुरू होतो त्या सांध्यावर राखाडी टोपी घातलेलं एक माणूस उभं होतं, एक हात कठड्यावर, एक पाय मागे घेतलेला, आणि पाखा त्याच्या पुढ्यात गुडघ्यापर्यंत वर आला होता. डेलने बोट काढायचं ठरवलं. बोट निघालं नाही. बाण गेल्यावरही हलू नको, हे त्या बोटाला एकतीस वर्षं सांगितलेलं होतं. पाखा कमरेपर्यंत आला. डेलने डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि तारेला अडकलेला सदरा ओढावा तसं ते बटणावरून ओढून काढलं. पूल थांबला. टोपीखालचा चेहरा वर झाला. बाओ हात हलवत नव्हती.

ती फाटकाखालून वाकून बाहेर आली आणि कोठीचा लोखंडी जिना चढून वर आली. डेल खुर्चीवरून उठून भिंतीला टेकला होता, दोन्ही हात काखेत दाबून. ती दारात उभी राहून श्वास घेत होती. इस्पितळात पाहत असेल तशी तिने आधी त्याच्या ओठांचा रंग पाहिला.

“तुम्ही मला पाहिलं नाहीत,” ती म्हणाली. “मी आत होते तेव्हाच फाटक पडलं. म्हटलं डेल आहेत, थांबतील. पाय टाकणारच होते. मग खिडकीत तुमचा खांदा मागे जाताना दिसला.” तिने खिडकीकडे हात केला. “बाण जाण्याआधी जातो तसा. दुसरं कोणी असतं तर त्याला काय कळणार होतं?”

खाली पहिल्या होडीने भोंगा वाजवला. डोलकाठी वळण संपवून सरळ पुलाकडे येत होती, आणि होडीवरचा माणूस दोन्ही हात वर करून ओरडत होता. कमरेएवढ्या उघड्या पुलाखालून ती जाणार नव्हती आणि पाण्यात थांबणारही नव्हती. कोणीतरी बटण दाबायला हवं होतं. डेलने हात काखेतून काढले नाहीत.

“बाओ, खुर्चीत बस,” तो म्हणाला. “हिरवं बटण. बोट ठेवू नको. वर धर. मी सांगेन तेव्हा दाब, आणि मी थांब म्हटलं की उचल.”

“मी?”

“तू माझ्या मागे उभी राहायचीस. आता मी तुझ्या मागे उभा राहतो.”

ती बसली. तो काचेशी गेला आणि कपाळ काचेला टेकवून बघू लागला. अलीकडचं फाटक खाली. त्याच्याबाहेर एक बाई कुत्रा घेऊन उभी आहे, बाहेरच आहे. पलीकडचं फाटक खाली. वाट. पहिला दिवा, दुसरा दिवा, कठडा, सांधा. फळी फळी तो मोठ्याने बोलत गेला, जनगणनेला आल्यासारखा. पलीकडच्या सांध्याजवळ काहीतरी राखाडी दिसलं. “थांब,” तो म्हणाला. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. त्याच्या मानेची शीर ताठली आणि तो बघत राहिला. ती भिजलेली कागदी पिशवी होती, वाऱ्याने उलटली तेव्हा तिच्यावरची अक्षरं दिसली. पलीकडे कोणी नाही. कुठेच कोणी नाही. “आता,” तो म्हणाला. आणि त्याच्या शब्दानंतर, अगदी थोडं पण नक्की नंतर, बाओचं बोट खाली गेलं.

पाखे वर गेले. पहिली होडी हातभर अंतराने खालून निसटली, तिच्यावरच्या माणसाने हासडलेल्या शिव्या वर कोठीत ऐकू आल्या. डेलने भिंतीवरचा फोन डाव्या हाताने उचलला. बाओ खुर्चीतच होती, पाठ त्याच्याकडे, होड्या मोजत. दोन, तीन. हार्लनने फोन उचलला तेव्हा मागे त्याच्या घरचं रेडिओवरचं गाणं चालू होतं. डेल म्हणाला की माझ्या जागी आत्ता, या मिनिटाला कोणाला तरी पाठव, माझं बोट माझं ऐकत नाही, आणि आज माझ्या हातून एक माणूस मरणार होतं. गाणं बंद झालं. हार्लन ओरडला नाही. त्याने तो एकच प्रश्न विचारला.

“जानेवारीपासून,” डेल म्हणाला.

पाचवी होडी पुलाखाली होती. बाओ मोजायची थांबली आणि तिचा मोकळा हात डोक्यावरच्या राखाडी टोपीकडे गेला.